वच्छलाबाईंचा छापील भाऊ

सोलापूरच्या बाळीवेशीत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, तेराव्याची कार्डं आणि निवडणूक आली की एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोन्ही पक्षांची पत्रकं, असं सगळं मी एकाच मशीनवर छापतो. समोर 'मैंदर्गीकर कडक भाकरी व शेंगाचटणी'. त्यांची लेबलं एकोणीस वर्षं माझ्याकडेच होतात. त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला त्यांच्या गिऱ्हाइकांच्या आधी कळतं.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत वच्छलाबाई सुरवसे तेवीस वर्षं भाकऱ्या थापत होत्या. माहेर मोडनिंबचं, नवरा कुंडलिक एका शाळेत शिपाई, एक मुलगी अंकिता. खोलीत आठ बायका, आठ काठवटी आणि मे महिन्यात सुद्धा पेटलेल्या चुली. कडक भाकरी म्हणजे वाळलेली शिळी भाकरी असं पुण्याच्या लोकांना वाटतं. पण ती कागदासारखी पातळ थापावी लागते, वर तीळ लावावे लागतात, तव्यावरून उतरवली की मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत राखावी लागते. वच्छलाबाईंची भाकरी तोंडात मोडली की तिचा आवाज रस्त्याच्या या बाजूला मला ऐकू येतो, असं मी गमतीनं म्हणायचो. त्यांना ते खरं वाटायचं. मग त्या काळजीनं विचारायच्या, "अण्णा, तरास तर होत न्हाय न्हवं?"

त्यांचा स्वभावच तसा. कुणी काही बोललं की त्या ते खरं मानायच्या. आपल्याकडे माणूस निरोप घेताना 'या की एकदा घरी जेवायला' म्हणतो. ते म्हणायचं असतं, जायचं नसतं. एकदा एका बँकेतल्या साहेबांनी चटणी घेताना वच्छलाबाईंना असंच म्हटलं. त्यांनी हात पुसत विचारलं, "कवा येऊ?" साहेबांना तिथल्या तिथे गुरुवार सांगावा लागला. वच्छलाबाई गुरुवारी नवऱ्याला घेऊन गेल्या, जेवल्या, भांडी घासू लागल्या आणि साहेबांच्या बायकोशी आजतागायत त्यांचं येणंजाणं आहे.

अशा बाईला मालक म्हणून लाभले होते सिद्धलिंगप्पा मैंदर्गीकर. माणूस वाईट मुळीच नाही. फक्त त्यांच्या तोंडात एक शब्द बसला होता, कुटुंब. कुणी सुट्टी मागितली की तो शब्द बाहेर यायचा.

"मालक, मंगळवारी सुट्टी पायजे हुती."

"वच्छला, अगं हे काय ऑफिस आहे का? कुटुंब आहे की आपलं. घरात आई कधी सुट्टी घेती का?"

वच्छलाबाई मान डोलवायच्या आणि मंगळवारी हजर व्हायच्या. शेजारच्या काठवटीवरच्या बजाबाई मात्र पुटपुटायच्या, "कुटुंब म्हणं. मग दिवाळीची आंघोळ बी हितंच घाला की."

दोन वर्षांपूर्वी सिद्धलिंगप्पांचा एकुलता मुलगा मल्लिनाथ पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी आणि विजयपूरची बायको काव्या घेऊन परत आला. आल्या आल्या त्यानं पाकिटावर आपल्या आजीचा, नागव्वांचा, फोटो टाकला आणि खाली लिहिलं 'नागव्वांच्या हातची चव'. पहिली पाच हजार लेबलं छापून झाल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या नागव्वा काठी टेकत माझ्याकडे आल्या. एक लेबल हातात घेऊन त्यांनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं.

"कल्लप्पा, मला भाकरी येत न्हाय. बघायला आले तवाच मी सासऱ्याला सांगितलं हुतं."

"आजी, ही जाहिरात आहे."

"असू दे की. पण कुणी करून दाखव म्हटलं तर?" असं म्हणून त्या गेल्या.

पुढे दुकानाला पन्नास वर्षं झाली. मल्लिनाथनं 'परिवार दिन' साजरा करायचा ठरवला. सिद्धेश्वर तळ्याजवळचा एक छोटा हॉल घेतला. आठही बायकांना नारिंगी टी-शर्ट दिले, त्यावर 'मी मैंदर्गीकर परिवार'. नऊवारी आणि पाचवारीवर ते टी-शर्ट चढवून बायका रांगेत बसल्या तेव्हा त्या एखाद्या क्रिकेट संघाच्या आज्या वाटत होत्या. मल्लिनाथनं माइक हातात घेतला.

"आजपासून आपल्याकडे कुणी कामगार नाही! कुणी मालक नाही! आपण सगळे एक परिवार!"

टाळ्या झाल्या. काव्या मोबाइलवर चित्रण करत होती. मग एकेकीला स्टेजवर बोलावून 'परिवार सदस्य प्रमाणपत्र' देण्यात आलं. सोनेरी किनार, लॅमिनेशन, सगळं माझंच काम. सिद्धलिंगप्पांच्या हातून प्रमाणपत्र घेताना वच्छलाबाई थांबल्या आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मग आता मालक म्हणायचं का दादा म्हणायचं?"

सगळा हॉल हसला. काव्यानं मोबाइल आणखी जवळ नेला. सिद्धलिंगप्पांचा ऊर भरून आला होता, समोर कॅमेराही होता. ते म्हणाले, "दादा म्हण की! तू माझी बहीण!"

ती चित्रफीत चाळीस हजार लोकांनी पाहिली. खाली बदाम आणि हात जोडल्याची चिन्हं पडली. मल्लिनाथला पुण्याच्या मित्रांचे अभिनंदनाचे फोन आले. वच्छलाबाईंनी प्रमाणपत्र घरी नेऊन देवांच्या शेजारी भिंतीला चिकटवलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता त्या आपला डबा घेऊन, जिना चढून दुकानावरच्या मालकांच्या घरी गेल्या. तेवीस वर्षांत त्या वर गेल्या होत्या त्या फक्त सणाला फरशी पुसायला. मैंदर्गीकरांची पंगत नुकतीच बसत होती. सिद्धलिंगप्पांच्या पत्नी दाक्षायणी वाढत होत्या.

"काय गं, काय पाहिजे?"

"काय न्हाय वैनी. जेवायला आले."

दाक्षायणींच्या हातातल्या पळीतून डाळीचा थेंब जमिनीवर पडला. त्यांनी सिद्धलिंगप्पांकडे पाहिलं, त्यांनी मल्लिनाथकडे, मल्लिनाथनं ताटाकडे. शेवटी दाक्षायणींना एक वाट सुचली.

"डब्यात सुकट-बोंबील काही नाही ना?"

"आज सोमवार हाय की वैनी. गवारीची भाजी हाय. तुमाला वाढू?"

तेवढ्यात कोपऱ्यातून नागव्वांचा आवाज आला. "बा, कुंद्रु." ये, बस. आणि त्यांनी आपल्या शेजारचा पाट काठीनं पुढे ढकलला.

त्या दिवसापासून वच्छलाबाई रोज वर जेवू लागल्या. घरातलं माणूस म्हटल्यावर घरातल्यासारखंच वागायला हवं, म्हणून त्या वागल्या. दाक्षायणींना त्यांनी गुडघ्याला एरंडेल लावायला सांगितलं. काव्या आणि मल्लिनाथ एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हा जेवता जेवता दोघांना विचारलं, "काय झालंय?" हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. सिद्धलिंगप्पांनी तिसरी पुरणपोळी उचलली तेव्हा त्यांचा हात धरला.

"दादा, साखर वाढलीया तुमची. ठिवा ती."

सिद्धलिंगप्पांनी ती पोळी ठेवली. डॉक्टर सात वर्षं सांगत होते, त्यांना हे जमलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं सहन होण्यासारखं होतं. मग अंकिताचं लग्न ठरलं. मुलगा वेळापूरचा, युवराज, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. एके दिवशी वच्छलाबाई पत्रिकेचा मजकूर घेऊन माझ्याकडे आल्या. वहीच्या पानावर अंकिताच्या सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मी वाचत वाचत खाली आलो आणि थांबलो.

'मुलीचे मामा : श्री. सिद्धलिंगप्पा मैंदर्गीकर.' त्याच्या खाली निमंत्रक म्हणून 'समस्त मैंदर्गीकर परिवार, बाळीवेस'.

"वच्छलाबाई, मालकांना विचारलंय का?"

"भावाला काय विचारायचं? माज्या पाठीवर भाऊ न्हाय अण्णा. लगीन ठरल्यापास्नं मला एकच घोर हुता, पोरीला बोहल्यावर कोण न्हेणार? देवानंच सोय केली बगा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे चेष्टा नव्हती, डाव नव्हता. दुसरं कुणी असतं तर मी ओळखलं असतं. मी गुपचूप तीनशे पत्रिका छापल्या. खरं सांगायचं तर मलाही पुढे काय होतं ते बघायचं होतं.

पत्रिका वाटायचं काम त्यांनी नीट केलं. मैंदर्गीकरांच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवल्या. पत्ते नागव्वांनी सांगितले, त्यांना सगळे पाठ होते. अक्कलकोट, मैंदर्गी, कलबुर्गी, विजयपूर. चार दिवसांत बाळीवेशीत दुसरा विषय उरला नाही. माझ्या आणि मैंदर्गीकरांच्या समाजातले लोक माझ्याकडे यायचे, झेरॉक्सचं निमित्त करायचे आणि हळूच विचारायचे, "कल्लप्पा, सिद्धलिंगप्पाला बहीण कधी होती?"

पाचव्या दिवशी सिद्धलिंगप्पा स्वतः आले. पत्रिका त्यांच्या हातात चुरगळली होती.

"कल्लप्पा, हे तू छापलंस?"

"छापलं."

"अरे, मला विचारायचं तर!"

"मालक, प्रमाणपत्र पण मीच छापलं होतं. तेव्हाही खरं का खोटं ते मी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही."

ते खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विजयपूरहून काव्याचे वडील, मोठे धान्याचे व्यापारी. आवाज एवढा खणखणीत की मला सगळं ऐकू येत होतं.

"बीगरे! व्याही म्हणून मी तुमच्यावर रागावलोय! बहिणीच्या मुलीचं लग्न, आणि आम्हाला तुमचा साधा फोन नाही? पत्रिका पोस्टानं?"

सिद्धलिंगप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. ही माझी बहीण नाही, म्हणायचं, तर चाळीस हजार लोकांनी ते तोंड 'बहीण' म्हणताना बघितलेलं. बहीण आहे म्हणायचं, तर पुढे सगळंच आलं. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

"मानलेली," सिद्धलिंगप्पा शेवटी म्हणाले. "मानलेली आहे, पण आहे. तुम्ही या."

एकदा तोंडातून गेल्यावर मग घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न झाला. दाक्षायणी आठवडाभर अंथरुणाला खिळल्यासारख्या पडून होत्या, पण मामाकडून पिवळी साडी जायची म्हटल्यावर उठल्या. "आपलं नाव जाणार असेल तर हलकी साडी चालायची नाही," म्हणाल्या आणि दुकानदाराला तीन तास उभं करून त्यांनी साडी निवडली. मल्लिनाथला हे सगळं आधी 'उत्तम कंटेंट' वाटलं होतं. मग सासरे दोन जीपगाड्या भरून येणार आहेत हे कळल्यावर त्याला ते तसं वाटेना.

लग्न मे महिन्यात, बारा पस्तीसच्या मुहूर्तावर, जुळे सोलापुरातल्या एका लहान कार्यालयात होतं. बाहेर चव्वेचाळीस अंश. कूलर होते, पण ते गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होते. सिद्धलिंगप्पा फेटा बांधून अंकिताच्या मागे उभे राहिले. माणूस घामानं निथळत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. दुसऱ्या की तिसऱ्या कडव्याला मी पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं उकाड्यानं चक्कर आली. जवळ गेलो तर रडत होते. त्या माणसाला ना सख्खी बहीण होती, ना मुलगी. बोहल्यावर कुणाला घेऊन जायची वेळ त्यांच्यावर कधी येणारच नव्हती.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं. त्या पुढे आल्या, पदरानं भावाचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दादा, आदी फेटा सैल करा. मग रडा."

पंगतीला विजयपूरचे व्याही नागव्वांच्या शेजारी बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "अव्वा, तुमच्या हाताला काय चव आहे!" नागव्वा म्हणाल्या, "माझ्या न्हाय. ती बघ, नवरीची आई, तिच्या." व्याही पुन्हा पत्रिका काढून बघू लागले.

लग्न चांगलं झालं, आणि गोष्ट तिथेच संपली असती तर सिद्धलिंगप्पा आजही सगळ्यांना कुटुंबाचं महत्त्व सांगत बसले असते. पण प्रमाणपत्रं आठ होती.

जूनमध्ये त्या आठ जणींतली वैजयंती आली. तिच्या पोराचं जावळ काढायचं होतं आणि त्यासाठी पोराला मामाच्या मांडीवर बसवावं लागतं. तिला सख्खे दोन भाऊ होते, पण एका म्हशीवरून त्यांच्याशी बोलणं बंद होतं. सिद्धलिंगप्पा गेले. पोरानं त्यांच्या धोतरावर जे करायचं ते केलं. मग तिसऱ्या बाईच्या सुनेचं डोहाळजेवण. मग बजाबाईंनी गाठलं. ज्या बजाबाई कुटुंबाच्या नावानं नाक मुरडायच्या, त्यांना आता कुटुंबाचा चांगलाच उपयोग कळला होता. त्यांच्या नवऱ्याचा आणि दिराचा बार्शीकडच्या शेतात बांधावरून वाद होता. "घरातलं वडीलधारं माणूस मधी पडल्याबिगर मिटायचं न्हाय," म्हणाल्या. सिद्धलिंगप्पा चार तास बांधावर उभे राहिले, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि सायंकाळी चिखलानं माखलेल्या चपला हातात घेऊन घरी आले.

ऑगस्टच्या शेवटी मल्लिनाथ माझ्याकडे एक मजकूर घेऊन आला. मी तो जपून ठेवलाय.

'सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, १ सप्टेंबरपासून आपण सर्वजण या आस्थापनेचे कर्मचारी असाल. कामाची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी साडेपाच. रविवारी साप्ताहिक सुट्टी. सणांच्या सुट्ट्या भरपगारी. लग्न, जावळ, बांध व इतर घरगुती बाबींसाठी व्यवस्थापनाशी संपर्क साधू नये. परिवार सदस्य प्रमाणपत्रे कार्यालयात जमा करावीत.'

कागद मागच्या खोलीत लागला. वैजयंतीनं तो मोठ्यानं वाचला. मग बजाबाईंनी काठवटीवर दोन्ही हात आपटले, पीठ उडालं.

"अगं बया! रविवार मिळाला! आनि सणाची सुट्टी! तेवीस वरीस कुटुंबात हुतो तर मिळाली न्हाय, कुटुंबातनं हाकललं की लगीच मिळाली!"

बायका हसून हसून लोळल्या. एक वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, पुढे दुकानात गेल्या आणि सिद्धलिंगप्पांसमोर उभ्या राहिल्या. मी तेव्हा लेबलांचे गठ्ठे द्यायला तिथे होतो.

"दादा, आमचं काय चुकलं?"

सिद्धलिंगप्पा चटणीच्या बरण्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही गं. मला झेपंना. मी म्हणायचो कुटुंब, कुटुंब. ते नुसतं म्हणायचं असतंय."

"मला कुटं म्हाईत."

"मला तरी कुठं माहीत होतं, कुटुंब म्हणजे एवढं असतंय?"

वच्छलाबाई परत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी रोजच्याइतक्या भाकऱ्या थापल्या. सात प्रमाणपत्रं दोन दिवसांत जमा झाली. आठवं आलं नाही. मल्लिनाथनं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "भित्तीला चिकटवलंय. काढलं तर रंग निगल." मल्लिनाथनं पुन्हा विचारलं नाही.

पहिला रविवार उजाडला. दुकान बंद असल्याचं बघून तीन गिऱ्हाइकं मला शिव्या देऊन गेली, जणू मीच बंद केलं होतं. वच्छलाबाई सवयीनं पहाटे उठल्या, मग आठवलं म्हणून पुन्हा झोपल्या. कुंडलिकनं चहा केला. तो इतका गोड झाला की शेजारणीलाही द्यावा लागला. दहाच्या सुमाराला त्या उंबऱ्यात बसून केसांना तेल लावत होत्या, तर गल्लीच्या तोंडाशी मल्लिनाथची गाडी.

"वच्छलाताई, जरा घरी चला. आजी जेवत नाही. वच्छला कुठाय, म्हणून ताट सरकवलंय."

"आज सुट्टी हाय की."

"अहो, कामाला नाही. नुसतं जेवायला."

"तितं जेवायला म्हंजे कामावरची जागा झाली. कागदात लिवलंय, घरगुती बाबीसाठी संपर्क सादू नये." वच्छलाबाईंनी हे कुत्सितपणे म्हटलं नाही. त्यांनी तो कागद जसा होता तसाच समजून घेतला होता. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आजीला हितं आना. माजं घर हाय हे, आस्थापना न्हाय."

मल्लिनाथनं गाडी वळवली. अर्ध्या तासानं नागव्वा काठी टेकत त्या गल्लीत उतरल्या आणि दोन ताटं पिठलं-भाकरी खाऊन कुंडलिकच्या खाटेवर दोन तास झोपल्या. चार वाजता दाक्षायणी त्यांना न्यायला आल्या. त्याही चहा घेऊन गेल्या.

आता वच्छलाबाई एकाआड एक रविवारी वेळापूरला अंकिताकडे जातात. एसटी स्टँडवर भेटल्या तर पिशवी हातात, तोंडभर हसू. अंकिताला आठवा महिना लागलाय. बारशाची पत्रिका कुणाच्या नावानं छापायची ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. मल्लिनाथनं मात्र परवा नवीन टी-शर्टचा नमुना दाखवायला आणला होता. रंग निळा. त्यावर 'परिवार' काढून 'टीम' लिहिलंय. बजाबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि त्याला विचारलं, "ह्यात सुट्टी किती मिळत्या?"